हिवाळ्यातल्या रानात चिमुकल्या पक्ष्यांचे फोटो: जागा आधी, पक्षी नंतर

छोट्या पक्ष्यांचे फोटो काढायला रानात शिरलेला माणूस सुरुवातीला हमखास एक चूक करतो. पक्षी दिसला की तो त्याच्या मागे लागतो. पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर, माणूस या झाडाखालून त्या झाडाखाली. घरी येऊन कार्ड उघडलं की शेपट्या, रिकाम्या डहाळ्या आणि पांढऱ्या आभाळावरचे काळे ठिपके. माझे पहिले दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात एकदा दमून एका पडलेल्या खोडाला टेकून बसलो. समोर सात-आठ पावलांवर एक वाळकी काटकी होती, तिच्यावर तिरपं ऊन पडलेलं. तिथे एक लाल गळ्याचा माशीमार येऊन बसला, शेपटी वर झटकली, हवेत झेप घेऊन किडा पकडला आणि पुन्हा त्याच काटकीवर आला. पुढच्या तासाभरात तो तिथे अकरा वेळा बसला. मी जागचा हललो नव्हतो, आणि त्या तासात मिळाले तसे फोटो आधीच्या दोन हिवाळ्यांत मिळाले नव्हते.

म्हणून या लेखात मी जागेपासून सुरुवात करणार आहे, कॅमेऱ्याचे आकडे नंतर येतील. जागा चुकली तर सगळ्यात महागडी लेन्सही काही करू शकत नाही.

हिवाळा या कामाला का बरा

पानझडीच्या रानात हिवाळ्यात आडोसा कमी होतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. त्याहून मोठं कारण पक्ष्याच्या पोटात आहे. रामगंगा पक्षी फार तर वीसेक ग्रॅमचा. पर्णवटवट्यांच्या काही जाती तर १० ग्रॅमच्याही आतल्या. एवढ्याशा देहातली ऊब भराभर निघून जाते. थंडीच्या एका रात्रीत असा पक्षी वजनाचा पाच ते दहा टक्के भाग चरबी जाळण्यात घालवतो आणि सकाळी तो भरून काढायला निघतो. दिवस लहान, किडे कमी. त्यामुळे तो सतत खातो, उघड्यावर येतो आणि जिथे एकदा मिळालं तिथे परत परत जातो. उन्हाळ्यात पानांआड गडप होणारा हाच पक्षी हिवाळ्यात तुम्हाला वेळापत्रक दिल्यासारखा वागतो.

दुसरी गोष्ट मिश्र थव्यांची. विणीचा हंगाम संपला की वेगवेगळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र हिंडू लागतात. रामगंगा, चष्मेवाले, वटवटे, शिलींध्री, एखादा नाचण, मागे एखादा सुतार. जास्त डोळे असले की शिकारी पक्षी लवकर दिसतो, आणि एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो. रान अर्धा तास अगदी सुनं असतं आणि एकाएकी तुमच्या डोक्यावर वीस पक्षी असतात. पाच मिनिटांत ते पुढे सरकतात. या पाच मिनिटांसाठी आधी तयार असणं, हेच या छंदातलं खरं काम.

पहिला दिवस कॅमेऱ्याविना

नव्या रानात पहिल्या सकाळी मी फक्त दुर्बीण आणि वही नेतो. तीन गोष्टी टिपायच्या. ऊन झाडांतून आत कुठे आणि किती वाजता पोहोचतं, थवा कुठून येतो आणि कुठे जातो, आणि पाणी कुठे आहे. कडाक्याच्या रात्रीनंतर पक्षी पहिल्या उन्हाच्या पट्ट्यात गोळा होतात, कारण तिथे ऊब असते आणि किडेही आधी तिथेच हलू लागतात. रानाची कड, वाट जिथे रुंदावते ती जागा, पडलेल्या झाडामुळे झालेली मोकळीक, उथळ ओहोळाचा काठ, या जागा दाट रानाच्या गाभ्यापेक्षा नेहमी जास्त देतात. गाभ्यात उजेडही नसतो.

उतार असेल तर त्याचा फायदा जरूर घ्या. उताराच्या वरच्या अंगाला बसलं की खालच्या झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. शेंड्यात हिंडणाऱ्या पक्ष्याचं पोट खालून टिपण्यापेक्षा त्याच्या डोळ्यात डोळा घालून टिपलेला फोटो कितीतरी बोलका होतो.

जागा ठरवताना आधी पाठभिंत पाहा

बहुतेक जण फांदी निवडतात आणि मग मागे काय आहे ते पाहतात. मी उलटं करतो. आधी मागची बाजू शोधायची. सावलीतला उतार, लांबवर पसरलेलं वाळकं गवत, दूरच्या झाडांची एकसारखी तपकिरी रास. ती फांदीपासून जितकी लांब तितकी मऊ दिसते. पक्षी तुमच्यापासून पाच मीटरवर आणि मागची झाडं त्याच्यामागे दहा-पंधरा मीटरवर असतील तर फांद्यांच्या रेषा विरघळतात. हीच झाडं फक्त एका मीटरवर असतील तर प्रत्येक काटकी पक्ष्याच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसेल. पानगळीच्या रानात तर हा काट्याकुट्यांचा गोंधळ हाच सगळ्यात मोठा शत्रू आहे.

पाठभिंत मिळाली की उजेड पाहायचा, आणि तिसऱ्या क्रमाला फांदी. छोट्या पक्ष्याला बोटाएवढी किंवा त्याहून बारीक डहाळी शोभते. जाड फांदीवर त्याचे पाय झाकतात आणि तो बसवून ठेवल्यासारखा वाटतो. शेवाळ, दगडफूल, सुकलेली शेंग, गोठलेलं दव असं काही त्या डहाळीवर असेल तर हिवाळा न सांगता फोटोत उतरतो.

आता बसायच्या जागेवरून रिकाम्या डहाळीचाच एक फोटो काढा. हे पाऊल कुणी करत नाही, आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. स्क्रीनवर तो रिकामा फोटो नीट पाहिला की कोपऱ्यातला पांढरा चट्टा, मधूनच गेलेली आडवी काटकी, भडक उजेडाचा ठिपका, सगळं दिसतं. एक वीत डावीकडे सरकलं किंवा थोडं खाली बसलं की त्यातलं निम्मं नाहीसं होतं. जिवंत फांदी मोडू नका, मात्र. सरकायचं ते आपण.

अंतराचा हिशेब

लेन्सबद्दल थोडक्यात. ४०० मिमीची लेन्स आणि फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरचा) कॅमेरा धरला तर १२ सेंमी लांबीचा पक्षी २० मीटरवरून फ्रेमच्या रुंदीचा साधारण पंधरावा हिस्सा व्यापतो, १० मीटरवरून सातवा आणि ५ मीटरवरून चौथ्या हिश्शापेक्षा जरा जास्त. म्हणजे अंतर निम्मं केलं की फोटोतलं क्षेत्रफळ चौपट. एवढा फरक कुठलीही नवी लेन्स विकत घेऊन पडत नाही. ४०० ते ६०० मिमी आणि पाच-सहा मीटरचं अंतर, एवढं जमलं की काम होतं. लेन्स किती जवळ फोकस करू शकते तेही आधी पाहून ठेवा. काही लांब लेन्सना चार-साडेचार मीटरच्या आतलं दिसतच नाही.

दाट रानात ट्रायपॉडपेक्षा मला मोनोपॉड (एकपायी आधार) बरा वाटतो. बसून काम असेल तर गुडघ्यावर बीनबॅग ठेवली तरी पुरतं. कपडे मळकट रंगाचे, सळसळ न करणारे. नायलॉनच्या जॅकेटच्या बाहीचा आवाज शांत रानात फार लांब जातो.

कॅमेऱ्याचे आकडे

मॅन्युअल मोडवर शटर (किती वेळ उघडा राहतो ते) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) आपण ठरवायचं आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, ऑटोवर सोडायचा. उघडझाप करणाऱ्या रानातल्या उजेडात हीच पद्धत सगळ्यात कमी दगा देते. अ‍ॅपर्चर लेन्स जितकं उघडते तितकं, म्हणजे बहुधा एफ/५.६ किंवा एफ/६.३. शटरची सुरुवात १/१००० सेकंदावर. वटवट्यासारखा अस्वस्थ पक्षी असेल तर १/१६०० ते १/२०००, कारण तो जागेवर बसलेला दिसतो तेव्हाही त्याची मान सतत फिरत असते.

पहाटेच्या सावलीत एवढ्या शटरला आयएसओ ६४०० वर जाऊन बसतो. तिथे एक सवय लावून घ्या. पक्षी आला की आधी वेगवान शटरवर चार-पाच फोटो पदरात पाडा. तो थांबलाय, पिसं फुगवून ऊन खातोय असं दिसलं की शटर १/५०० वर आणा. तोच उजेड आता आयएसओ १६०० वर मिळतो. आणखी शांत असेल तर १/२५०. फोटोत दाणे कमी होतात आणि गळ्यावरचं एकेक पीस मोजता येतं. मात्र हा क्रम उलटा करू नका. हलल्यामुळे पुसट झालेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट परत येत नाही, दाणे मात्र बऱ्यापैकी जातात.

आभाळ मागे असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा येतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) अधिक १ ते अधिक २ पर्यंत न्या. बर्फ किंवा दाट दहिवर असेल तरी अधिक १ च्या आसपास. याउलट काळोख्या पाठभिंतीवर उजळ पोटाचा पक्षी उन्हात बसला असेल तर उणे २/३ ते उणे १, नाहीतर पोटावरची पिसं पांढरीफटक होतात. एकदा गेलेलं पांढरं परत आणता येत नाही, म्हणून हिस्टोग्रामची (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाची) उजवी कड अधूनमधून पाहत राहावी. फाइल रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतच, ठेवावी.

फोकस आणि त्या आडव्या काटक्या

६०० मिमी, एफ/६.३ आणि ५ मीटर अंतर असेल तर फुल फ्रेमवर फोकसमध्ये येणारी खोली साधारण अडीच सेंटिमीटर असते. चिमणीएवढ्या पक्ष्याची चोच ते शेपूट याहून कितीतरी लांब. म्हणून डोळा धारदार मिळाला तर फोटो वाचला आणि चुकला तर गेला. शेपूट पुसट झालेली चालते.

डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर जरूर वापरा, पण झाडीत तो एकटा पुरत नाही. पुढच्या काटकीवर किंवा मागच्या उजळ खोडावर कॅमेरा झेप घेतो, आणि एकदा पार मागे गेला की पक्षी त्याला दिसतच नाही. यावर इलाज सोपा आहे. फोकस रिंग हाताने फिरवून आधी साधारण त्या अंतरावर आणायचं आणि मगच ऑटोफोकसचं बटण दाबायचं. फोकसचा बिंदू लहानात लहान घ्यावा. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखालच्या बटणावर नेलं तर आणखी सोय होते. डहाळीवर फोकस करून अंगठा उचलायचा, पक्षी तिथे बसला की फक्त शटर. बर्स्ट (एका दमात सलग काढलेले फोटो) तीन-चार फोटोंचे, छोटे. बोट दाबून धरून शंभर फोटो काढले की घरी निवडताना वैताग येतो आणि कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत साठवायची जागा) ऐन वेळी भरतो.

इलेक्ट्रॉनिक शटर आवाज करत नाही, ही मोठी सोय. पण काही कॅमेऱ्यांत त्याने फडफडणारे पंख वाकडे येतात. बसलेल्या पक्ष्याला ते वापरावं आणि उडण्याच्या क्षणी यांत्रिक शटरवर यावं.

पक्षी काय करणार, हे आधी ओळखणं

या भागात मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते चांगल्या आणि साधारण फोटोतला फरक इथे पडतो.

माशीमार हा बसून शिकार करणारा. झेप घेतो आणि बहुधा त्याच किंवा शेजारच्या डहाळीवर परततो. तो उडाला की कॅमेरा हलवू नका. रोख त्या रिकाम्या डहाळीवर धरून थांबा. थिरथिऱ्याचंही थोडंफार तसंच. तो खुंट, दगड, खालच्या फांद्या यांवरून जमिनीवर उतरतो आणि परत येतो. थिरथिऱ्यासारखे काही पाहुणे हिवाळ्यातही आपापला तुकडा राखून असतात, त्यामुळे आज दिसलेला पक्षी उद्या त्याच कोपऱ्यात भेटण्याची आशा धरता येते.

वटवट्या मात्र थांबत नाही. त्याला कॅमेऱ्याने गाठू पाहू नका. तो झुडपात एका दिशेने पुढे सरकत असतो. त्याच्या वाटेवर पुढे कुठे फट आहे ते पाहा, तिथे फोकस करून ठेवा आणि त्याला तिथवर येऊ द्या. मिश्र थव्याचंही हेच. थव्याच्या मागून चालणाऱ्याला सगळ्यांच्या पाठी मिळतात. दिशा ओळखून लांबून वळसा घालायचा, पुढच्या उजेडाच्या पट्ट्यापाशी बसायचं. थवा तुमच्याभोवतीने निघून जातो, जणू तुम्ही एक खोड आहात.

शिलींध्री खोडावरून डोकं खाली करून उतरते आणि मधेच थांबून मान जमिनीला समांतर उचलते. तो क्षण अर्ध्या सेकंदाचा, पण ती तो पुन्हा पुन्हा देते. खोडाच्या कडेच्या रेषेवर फोकस धरून ठेवा. सुतार माणूस दिसला की खोडाच्या मागे जातो. त्याच्यामागे फिरत राहिलात तर तोही फिरत राहतो. निश्चल बसलात तर थोड्या वेळाने चोच आणि एक डोळा कडेने बाहेर येतो, मग अर्धा देह. मला तो अर्धा देह डोकावणारा फोटोच जास्त आवडतो.

आवाज ओळखायला शिका. थवा येण्याच्या दोन-तीन मिनिटं आधी त्याची बारीक चिवचिव कानावर येते. हातमोज्यातून बोट बाहेर काढायला एवढा वेळ पुरतो. सगळे एकाएकी गप्प झाले आणि जागच्या जागी थिजले तर वर पाहा, शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) फिरत असेल. अशा वेळी हलू नये.

देहबोलीही तशीच वाचायची. पिसं फुगवून गोळा झालेला पक्षी थंडीने तसा बसलाय, निवांत आहे. पिसं अंगासरशी चापून, मान ताणून, तुमच्याकडे एकटक पाहणारा पक्षी उडायच्या बेतात आहे. खाणं थांबवून तो असा बसला की आपण जास्त जवळ आलो. कॅमेरा खाली घ्यायचा, नजर दुसरीकडे वळवायची, दोन पावलं मागे. पाचेक मिनिटांत तो पुन्हा खायला लागला तर ठीक, नाहीतर ती जागा सोडायची. रात्रभर जाळलेली चरबी त्याला संध्याकाळपर्यंत परत मिळवायची असते. आपल्यामुळे झालेलं प्रत्येक उड्डाण त्या हिशेबातून वजा होतं.

याच कारणाने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मी पूर्ण बंद केलं आहे. पक्षी येतो, कारण त्याला वाटतं की त्याच्या तुकड्यात दुसरा घुसलाय. तो खाणं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. अशा फोटोतला पक्षी पाहणाऱ्यालाही ताणलेला दिसतो. ढोलीत झोपलेल्या घुबडावर टॉर्च मारणं आणि दुर्मिळ पक्ष्याची नेमकी जागा फोटोसोबत जाहीर करणं, हेही त्याच माळेतलं.

उजेड

हिवाळ्यात सूर्य दुपारीही कलता राहतो. २० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस तो माध्यान्हीला क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, तर जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. ५० अंशांवर तर डिसेंबरमध्ये जेमतेम १६-१७ अंश चढतो. म्हणजे चांगला तिरपा उजेड फक्त पहाटेचा अर्धा तास नसून बराच वेळ मिळतो. सकाळचे पहिले दोन-अडीच तास आणि दुपार कलल्यानंतरचे दोन, हे माझे कामाचे तास.

ऊन पाठीवर घेऊन, आपली सावली पक्ष्याकडे जाईल असं बसलं तर रंग खुलतात आणि डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो. तो ठिपका नसेल तर पक्षी निर्जीव दिसतो. उन्हासमोर बसून टिपलं तर फुगलेल्या पिसांच्या कडा सोन्यासारख्या पेटतात, पण त्यासाठी मागची बाजू काळोखी हवी. ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांचे तपशील त्याच सपाट उजेडात नीट येतात.

थंडी आणि सामान

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. दुसरी बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. संपलेली वाटणारी बॅटरी खिशात गरम झाली की बऱ्याचदा आणखी थोडे फोटो देते. उबदार खोलीतून किंवा गाडीतून बाहेर आलात की लेन्सला अर्धा तास बाहेरच्या हवेत निवू द्या. नाहीतर तिच्या हूडमध्येच (पुढे लावलेल्या नळीत) गरम-थंड हवा मिसळते आणि सगळे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे मऊ येतात. मी कितीतरी दिवस याचा दोष फोकसला देत होतो. परतताना उलट. कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करा आणि आत आल्यावर तासभर बॅग उघडू नका, म्हणजे काचेवर दव धरत नाही. कार्ड मात्र बाहेर असतानाच काढून घ्या. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की श्वास खाली सोडा, नाहीतर ऐन क्षणी काच धुरकटते.

घरी आल्यावर

पहिल्या फेरीत फक्त डोळा पाहायचा. शंभर टक्के मोठा करून डोळा धारदार नसेल तर फोटो बाद, पक्षी कितीही दुर्मिळ असो. दुसऱ्या फेरीत मान पाहायची. पक्ष्याचं डोकं किंचित तुमच्याकडे वळलेलं असेल तर तो फोटो ठेवायचा. अगदी आडवं किंवा पलीकडे वळलेलं असेल तर दहा वेळा विचार करायचा. धारदारपणा वाढवताना तो फक्त पक्ष्यावर वाढवा. पाठभिंतीवर वाढवला तर तिथले दाणे वर येतात. क्रॉप करताना पक्षी ज्या दिशेला पाहतोय तिकडे मोकळी जागा सोडा, आणि फार जवळ कापू नका. हिवाळ्यातल्या रानात एका बारीक डहाळीवर बसलेला दहा ग्रॅमचा जीव किती छोटा आहे, ते भोवतालच्या मोकळ्या जागेमुळेच कळतं.

शेवटी वही. किती वाजता थवा आला, कुठल्या बाजूने, ऊन त्या डहाळीवर कधी पोहोचलं, कुठला पक्षी परत परत कुठे बसला. माझ्या वहीत त्या वाळक्या काटकीसमोर ‘८.२० ते ९.१५, नंतर सावली’ असं लिहिलंय. पुढच्या वेळी तिथे आठला पोहोचून बसायचं असतं.